हातच्या एकासाठी जागा

४ नोव्हेंबर २०२४, देऊळघाट

आज मला एक असे कुलूप दाखवण्यात आले की ज्याच्या आत कोणतेही गुपित नाही. ते फोडले, त्याचा कण न् कण तपासला, तरी त्याची किल्ली कशी करावी हे कळणार नाही. आणि तरीही ते योग्य माणसाला अचूक ओळखते. आयुष्यभर तर्कशास्त्र शिकवलेल्या व्यक्तीला हे विधान प्रथमदर्शनी व्याघाती वाटते. ते तसे नाही. महाविद्यालयातला माझा विभाग माझ्या निवृत्तीबरोबरच बंद झाला, त्या दिवसापासून ही दैनंदिनी कोरी होती. ती पुन्हा उघडण्यास एवढे कारण पुरेसे आहे.

प्रसंग असा. माझा धाकटा भाऊ भाऊराव, ज्याच्या घरी मी राहते, त्याच्या शेताच्या धुऱ्यावरची, म्हणजे बांधावरची विहीर तीन घरांची सामाईक आहे: आमची, अर्जुनरावांची आणि कौशल्याबाईंची. मोटर एक, पाइप तीन, प्रत्येकावर एक कॉक. पाण्याची पाळी ठरलेली आहे, आणि ती मोडली जाणार हेही ठरलेले आहे. गेल्या उन्हाळ्यात कौशल्याबाईंनी अर्जुनरावांच्या पाइपावर दगड घातला, असे अर्जुनराव म्हणतात. पाइप उन्हाने तडकला, असे कौशल्याबाई म्हणतात. साक्षीदार कोणी नाही.

भाऊरावाची मुलगी समता पुण्याच्या कंपनीतून बिनपगारी रजा घेऊन आली आहे. तिने एक डबा तयार केला आहे. कॉक आता हाताने फिरायचे नाहीत. ज्याची पाळी त्याच्या फोनवरून आज्ञा जाईल आणि डबा कॉक उघडील. प्रत्येक फोनच्या पोटात दोन प्रचंड मूळ संख्या दडवलेल्या आहेत. त्यांचा गुणाकार मात्र उघड आहे. तो सहाशेहून अधिक अंकांचा असून डब्याला फक्त तोच माहीत असतो. आज्ञेखाली फोन सही करतो आणि डबा त्या उघड संख्येच्या साहाय्याने सही पडताळतो. एवढ्या मोठ्या संख्येचे अवयव पाडणे कोणालाच जमत नाही, म्हणून दुसऱ्याची सही करता येत नाही. आणि स्वतः केलेली सही नंतर नाकारताही येत नाही.

नाकारता न येणारे विधान! मी समताला हे वाक्य दोनदा म्हणायला लावले.

विहिरीवर अर्जुनराव हजर होते. ते म्हणाले, "बेबीताई, पोरीनं डब्यात अक्कल भरली म्हन्ते. थोडीशी उरली असन तं माह्या पोराच्या डोक्यात भरता येईन का?"

मी चार पदव्यांची धनी आहे. या गावात मी बेबीताईच आहे.

७ नोव्हेंबर

डबा चालतो, पण चालत नाही. म्हणजे उत्तर बरोबर येते, परंतु येईपर्यंत माणूस निघून जातो.

कौशल्याबाईंचा मुलगा कुलदीप याचे गावात मोटर वाइंडिंगचे दुकान आहे. कॉकला यंत्रे त्यानेच बसवली. तो आज म्हणाला, "मॅडम, लाईट जाऊन वापस आली, तरी तुमचा डबा इचारच करून राह्यला." त्याच्या आईने विहिरीच्या काठावर उभे राहून अट जाहीर केली, "माह्या पायानं जाऊन कॉक फिरवतो, त्याहून लवकर व्हत असन तं ठेवा. नाई तं काहाले पाह्यजे हे सोंग?"

अट रास्त आहे. मी तसे म्हणाले. समताने माझ्याकडे जरा रागाने पाहिले.

घरी आल्यावर तिने अडचण सांगितली. "आत्या, डब्यातली चिप लय गरीब हाये. गुणाकार करते, भागाकार म्हटला का रडते." सहाशे अंकांच्या दोन संख्या गुणल्या की बाराशे अंक होतात. त्यांना त्या उघड संख्येने भागून बाकी घ्यायची, बाकी पुन्हा तिनेच गुणायची, पुन्हा भागायचे. असे सतरा वेळा. ज्या संख्येने भागायचे तिला मापांक म्हणतात. भागाकारात आपण शाळेत काय करत होतो? 'किती वेळा जातो' याचा डावीकडून अंदाज करायचा, अंदाज फसला की खोडायचा. चिपही तेच करते. खोडरबर झिजवण्यात तिचा वेळ जातो.

तिने विचारले, "तू सांग आत्या, भागाकार न करता बाकी काढता येईन का?"

मी म्हटले, प्रश्न विसंगत आहे. ती म्हणाली, "पक्कं?"

नोंदीसाठी: जानेवारीपर्यंत तिन्ही घरांनी डबा मान्य केला, तर समता इथेच राहून आसपासच्या विहिरींसाठी हेच काम करणार आहे. नाही तर ती पुण्याला परत जाईल. मला दोन्ही पर्याय सारखेच आहेत.

तिच्या टेबलावर उजेड कमी पडतो. खिडकीजवळची माझी जागा तिला दिली.

८ नोव्हेंबर

प्रश्न विसंगत नाही! मी चुकले होते आणि त्याचा मला इतका आनंद झाला आहे की दुपारचे जेवण थंड झाले.

समताने ही युक्ती सांगितली. ती माँटगोमेरी नावाच्या गणितज्ञाची, १९८५ सालची. अर्थ असा की भागायचे ते डावीकडून नव्हे, उजवीकडून; आणि अंदाज करून नव्हे, खात्रीने.

मी लहान संख्यांवर करून पाहिले. मापांक सतरा धरला आणि चौकट, म्हणजे अंक मावण्याची जागा, दोन घरांची; तिची किंमत शंभर. सात गुणिले नऊ त्रेसष्ट. आता त्रेसष्टात सतराची अशी पट मिळवायची की शेवटची दोन्ही घरे शून्य व्हावीत. सतराची कोणतीही पट मिळवली तरी सतराने भागल्यावर उरणारी बाकी बदलत नाही, हे उघड आहे. कोणती पट? एकसष्टावी, एक हजार सदतीस. तिचा अंदाज करावा लागत नाही. शेवटच्या दोन अंकांवरून ती थेट निघते. बेरीज अकराशे. दोन शून्ये पुसली: अकरा. संपले.

भागाकार कुठे झाला? कुठेच नाही. केवळ शून्ये पुसली. उत्तरात शंभराने भागल्याचा एक वेष मात्र चढतो; पण आरंभी सर्व संख्यांना तोच वेष चढवून ठेवला आणि अखेरीस एकदा उतरवला, तर मधली सगळी गणिते वेषातच बिनबोभाट होतात.

डाव्या टोकाशी झटापट करणारी सगळी माणसे मला आज आठवली. उजवे टोक मोकळे होते. कोणी तिकडे पाहिलेच नाही.

सायंकाळी भाऊराव म्हणाला, "ताई, तू आज गानं म्हनत व्हती." हे असंभाव्य आहे.

११ नोव्हेंबर

प्रचाराच्या रिक्षा दिवसभर ओरडत होत्या. तरीही आजचा दिवस मी माझ्या उत्तम दिवसांत गणते.

समताला सिद्धता हवी होती. तिच्या व्यवसायात 'चालते' एवढ्यावर भागते, असा माझा समज होता. तिने तो खोडून काढला. "मले तुह्याकडून सिद्ध करून पायजे, आत्या. तू हो म्हनशीन तं मी डबा लावीन."

मी सिद्ध केले. या पद्धतीत निघणारे फळ मापांकाच्या दुपटीच्या आत असते. मापांकाहून मोठे निघाले तर एकदा मापांक वजा करायचा. प्रत्येक गुणाकारानंतर तुलना आणि गरज असल्यास वजाबाकी, असा रिवाज आहे. इथे मला एक गोष्ट दिसली, आणि ती दिसताच मी खुर्चीवरून उठले. ही वजाबाकी अनावश्यक आहे! चौकट जर मापांकाच्या चौपटीहून मोठी असेल, तर दुपटीच्या आतल्या दोन संख्यांचे फळ पुन्हा दुपटीच्या आतच येते. मग मध्ये वजाबाकी कशासाठी? सगळे दुपटीच्या अंगणात खेळू द्यावे. शेवटी एकदाच घरात घ्यावे. सतराची चौपट अडुसष्ट, चौकट शंभर. अट पूर्ण.

समता म्हणाली, "राहू दे ना वजाबाकी, आत्या. काय खाते ते?"

मी म्हटले, "समता, युक्तिवादात अनावश्यक पायरी ठेवणे म्हणजे वाचणाऱ्यावर अविश्वास दाखवणे. शिवाय तूच म्हणालीस की चिपमध्ये जागा नाही."

"जागा तं खरंच नाई."

"मग?"

ती हसून म्हणाली, "बरं. तू म्हन्ते तं काढून टाकते."

कुलदीप तारा घेऊन आलेला होता. तो म्हणाला, "काऊन एवढी माथाफोड करून राह्यले मॅडम? हे तं इंटरनेटवर रेडीमेड भेट्टे. लोकाइनं तपासेल, लागन तेवढं, फुकटात. समतानंच मले—" त्याचे वाक्य अपूर्ण राहिले, कारण समताने टेबलाखालून त्याला पायाने ढोसले. का, ते कळले नाही. तयार वस्तू उपलब्ध असताना ती स्वतः करणे हा तिच्या व्यवसायाचा शिष्टाचार असावा.

१९ नोव्हेंबर

यश!

तिन्ही घरे विहिरीवर. भाऊरावाने फोनवर बोट ठेवले आणि कुलदीप आकडे मोजायला सुरुवात करणार, तोच कॉक फिरला. पाणी आले. लोक गप्प झाले. माझ्या अनुभवाप्रमाणे उत्तम सिद्धतेनंतर वर्गात अशीच शांतता पसरते.

डब्याला एक छोटा पडदा आहे. अर्जुनरावांच्या आग्रहाने समताने त्यावर स्वागत ठेवले आहे: त्यांची व कौशल्याबाईंची पाळी असली की 'राम राम', आमची असली की 'जय भीम'. मला हे अनावश्यक वाटले. अर्जुनराव मात्र त्यावर इतके खूश की पाणी बंद करून त्यांनी पुन्हा चालू केले. "पाहा बे, डबा माणूस ओळखून राह्यला!"

तिसऱ्या खेपेला त्यांची आज्ञा नाकारली गेली. "रेंज नसन," कुलदीप म्हणाला. पुन्हा पाठवली, चालली.

कौशल्याबाई रानात खुरपणीला मजूर असल्यामुळे आधीच गेल्या होत्या. त्यांची पाळी नंतर आहे.

परत येताना भाऊराव म्हणाला, "समता आल्यापासून ताई येळेवर जेवून राह्यली. आधी तं दिवस दिवस बोलत नव्हती." विषय डब्याचा चालला होता, हे मध्येच कुठून आले कोण जाणे.

२ डिसेंबर

कौशल्याबाईंची आज्ञा डब्याने नाकारली. दुसऱ्यांदाही. पाचव्यांदाही. शेवटी कुलदीपने पाना घेऊन हाताने कॉक फिरवला. कारण: रेंज, असे सर्वांचे मत. मीही ते मान्य केले, यद्यपि फोन आणि डबा यांच्यात हातभराचे अंतर होते.

५ डिसेंबर

आज रेंजवर कोणाचा विश्वास उरला नाही.

कौशल्याबाईंचा हरभरा फुलावर आला आहे. या पाण्याला मुकला तर घाटे भरणार नाहीत. लाईट होती, पाळी त्यांची होती, पडद्यावर 'राम राम' उमटत होते, आणि त्याखाली 'सही अमान्य'. पुन्हा पुन्हा. त्याच डब्याने भाऊरावाच्या आज्ञेवर कॉक उघडून दाखवला. अर्जुनरावांच्याही.

कौशल्याबाई पदर खोचून उभ्या राहिल्या. मी त्यांचे शब्द जसेच्या तसे लिहिते, कारण ते मला विसरायचे नाहीत. "पह्यले आमच्या लोकाइनं तुम्हाले पानी नाई देल्लं. आता तुमचं मशीन आम्हाले नाई देत. हिसाब बराबर झाला ना, बेबीताई?"

कुलदीप म्हणाला, "माय, काहीबाही बोलू नको." त्या म्हणाल्या, "मंग तू सांग, माह्याच सहीले काऊन इटाळ व्हते?"

माझ्या आजोबांना गावच्या विहिरीला हात लावता येत नव्हता. म्हणूनच या नव्या विहिरीत तिसरा वाटा मिळवण्यासाठी ते खोदणाऱ्यांच्या बरोबरीने आत उतरले होते. त्या काठावर उभे राहून हे ऐकणे सोपे नव्हते. पण मी शांतपणे विचार केला, तेव्हा मला मान्य करावे लागले की उपलब्ध पुराव्यावरून त्यांचा निष्कर्ष गैरवाजवी नाही. आमच्या घरच्या मुलीचे यंत्र, आमची सही मान्य, त्यांची अमान्य. मी त्यांच्या जागी असते तर हेच अनुमान केले असते.

अर्जुनरावांनी तोडगा काढला: आजचे पाणी पान्याने; कौशल्याबाईंच्या पुढच्या आठवड्यातल्या पाळीला डबा चालला तर ठीक, नाही तर तो विहिरीत.

घरी आल्यावर समताला पुण्याहून फोन आला. ती अंगणात जाऊन बोलली. ती काय म्हणाली ते मी ऐकले नाही; ऐकू येईल अशा जागी मात्र उभी होते.

६ डिसेंबर

सकाळी विहारात वंदनेला गेलो. परतल्यावर मी सिद्धता पुन्हा तपासली. पहिल्या ओळीपासून, एखाद्या शत्रूने लिहिली आहे असे समजून. निर्दोष. प्रत्येक पायरी मागच्या पायरीतून अपरिहार्यपणे निघते.

तेव्हा दोष अन्यत्र. मी अनुमान केले की कौशल्याबाईंचा फोन बिघडला आहे. कुलदीपने त्यांची किल्ली, म्हणजे त्या दोन दडवलेल्या संख्या, स्वतःच्या नव्या फोनवर घेतली. डब्याने तितक्याच शांतपणे नाकारली.

समता म्हणाली, "आत्या, चूक माहीच असन. कोडमधी कुठंतरी." तिचा आवाज थकलेला होता.

मी म्हटले, "'असेल' हा शब्द पुराव्याशिवाय वापरू नये." मला दुसरे काही म्हणायचे होते, परंतु ते वाक्य जुळले नाही.

७ डिसेंबर

घाईने लिहिते आहे, म्हणून अक्षर वाईट येत आहे.

क्रमाने लिहिते. तिन्ही घरांसाठी डबा तोच, पद्धत तीच. बदलते काय? केवळ मापांक. मी समताला म्हटले, "मला तिन्ही संख्या दाखव."

"आत्या, सहाशे सहाशे अंकी हायेत."

"मला त्यांची डावी टोकेच पाहायची आहेत."

तिने दाखवली. भाऊरावाची संख्या चौकटीच्या अर्ध्याहून थोडी वर. अर्जुनरावांचीही तशीच, शंभराच्या भाषेत बोलायचे तर सत्तावन्न-अठ्ठावन्नच्या जागी. आणि कौशल्याबाईंची? चौकटीच्या छताला टेकलेली. शंभरातली जणू सत्त्याण्णव. कुणाच्या वाट्याला कोणती संख्या यावी हे फोनने केवळ नशिबावर ठरवलेले.

मी माझा कागद घेतला आणि त्यावरचा सतरा खोडून सत्त्याण्णव लिहिले. नव्वद गुणिले पंचाण्णव: आठ हजार पाचशे पन्नास. शेवटची दोन घरे शून्य करण्यासाठी सत्त्याण्णवाची पन्नासावी पट मिळवली: चार हजार आठशे पन्नास. बेरीज तेरा हजार चारशे. शून्ये पुसली.

एकशे चौतीस.

मी ती संख्या पाहत राहिले. एकशे चौतीस! डब्यात घरे दोन. तो चौतीस लिहितो, आणि हातचा एक? त्याला ठेवायला घरच नाही. तो सांडतो. सांडल्याची कोठे खूणही राहत नाही. मग पुढची सगळी गणिते चुकीच्या संख्येवर, आणि शेवटी एक खरी सही खोटी ठरते.

मी इतक्या मोठ्याने "समता!" म्हटले की भाऊराव गोठ्यातून धावत आला. "ताई, साप निंगाला काय?"

"नाही. चूक निघाली. माझी."

'चौकट मापांकाच्या चौपटीहून मोठी असेल, तर.' हे वाक्य माझ्याच हाताने लिहिलेले आहे. मी ते सतरावर तपासले, 'अट पूर्ण' असे लिहिले आणि पुढे गेले. खऱ्या डब्यात मात्र मापांक चौकट जवळजवळ भरून बसलेला असतो. चौपट तर सोडाच, दुपटीलाही जागा नाही. सिद्धता वैध होती, आधारविधान असत्य होते. हा भेद मी प्रत्येक वर्षी पहिल्या तासाला शिकवत असे.

आणि अधिक विलक्षण हे: अट तिघांच्याही बाबतीत मोडलेली होती. भाऊरावाचे आणि अर्जुनरावांचे पाणी केवळ योगायोगाने वाहत होते. त्यांचा हातचाही अधूनमधून सांडतच होता. त्याला आपण रेंज म्हणत होतो. कौशल्याबाईंची तक्रार ही या विहिरीवरची एकमेव खरी साक्ष होती.

चूक सापडल्याचा आनंद चूक न केल्याच्या आनंदाहून मोठा असू शकतो, हे मला कोणी सांगितले असते तर मी त्याला पुरावा मागितला असता. आज मी स्वतः पुरावा आहे.

उपाय दोन मिनिटांत निघाला. चौकटीला डावीकडे एक घर वाढवायचे. शंभराऐवजी हजार: सत्त्याण्णवाची चौपट तीनशे अठ्ठ्याऐंशी, आरामात मावते. मग वजाबाकीची खरोखरच गरज नाही. युक्ती चूक नव्हती. तिला हातभर जागा हवी होती.

समता माझ्या खांद्यावर डोके ठेवून इतकी हसली की मला कागद बाजूला ठेवावा लागला.

९ डिसेंबर

आता जागेचा प्रश्न. एक घर वाढवायचे म्हणजे प्रत्येक मोठ्या संख्येसाठी वाढवायचे, आणि चिप तर काठोकाठ भरलेली. समता सकाळपासून एकेक वस्तू बाहेर काढून पाहत होती. कुलदीपने डब्याकडे बोट दाखवले. "ह्या पडद्याले किती जागा लागते?"

"लय लागते बे," समता म्हणाली आणि थबकली.

पडदा काढायचे ठरले. 'राम राम' गेले, 'जय भीम' गेले. हातच्या एकाला घर मिळाले. अर्जुनराव हळहळले. "हा तं आता मुका झाला की."

मी समताला एक अट घातली: प्रत्येक घराच्या संख्येवर, आणि मुद्दाम छताला टेकवलेल्या शंभर नव्या संख्यांवर परीक्षा घेतल्याशिवाय मी हो म्हणणार नाही. ती म्हणाली, "आत्या, आता तुह्या 'हो'वर मी डबा लावतच नाई." मग डोळे मिचकावले. ही थट्टा होती, असे भाऊरावाने स्पष्ट केले.

सर्व परीक्षा निर्दोष.

१२ डिसेंबर

कौशल्याबाईंची पाळी. लाईट सकाळीच आली होती. तिन्ही घरे, शिवाय शेजारच्या विहिरींवरचे बघे. डबा पाण्यात पडताना पाहायला मिळेल या आशेने काही जण आले असावेत.

समता पुढे होऊन म्हणाली, "काकू, माह्या कोडमधी मिस्टेक व्हती—"

मी तिला थांबवले. असत्य विधान सद्हेतूने केले तरी असत्यच. मी सर्वांसमोर सांगितले की चूक समताची नाही, माझी आहे. एक पायरी काढून टाकण्याचा आग्रह माझा होता. ती काढण्यासाठी जी जागा लागते ती आहे की नाही, हे मी सोप्या उदाहरणावर पाहिले आणि अवघड उदाहरणावर पाहिले नाही. कौशल्याबाईंची सही पहिल्या दिवसापासून खरी होती. मी खडूने विहिरीच्या कट्ट्यावर नव्वद आणि पंचाण्णवचे गणित मांडले. एकशे चौतीस. दोन चौकोन काढले आणि त्यांत तीन अंक बसवून दाखवायला अर्जुनरावांना सांगितले.

ते वाकून पाहत राहिले. मग उभे राहिले, टोपी मागे सारली आणि म्हणाले, "म्हंजे बेबीताई, एवढं शिक्षन करून तुम्ही हातचा एक इसरल्या?"

"होय. नेमके तेच."

लोक हसले. मीही हसले, असे समता सांगते. माझ्या विद्यार्थ्यांपैकी कोणीही माझी चूक एवढ्या थोड्या शब्दांत आणि एवढ्या अचूकपणे मांडली नव्हती.

कौशल्याबाई हसल्या नाहीत. त्या कट्ट्यावरच्या आकड्यांकडे पाहत होत्या. "म्हंजे माहा नंबर मोठा हाये म्हनून?"

"तिघांत सर्वांत मोठा."

"हं." त्यांनी फोन काढला आणि बोट ठेवले.

कॉक फिरला. पुन्हा बंद करून फिरवला, पुन्हा फिरला. कुलदीप मोजत होता, सातव्या खेपेला त्याच्या आईनेच त्याला गप्प केले. "बस झालं. हरभरा वाट पाहून राह्यला." पाणी पाटातून पुढे सरकत गेले, कोरड्या भेगांत थांबत, भरत, पुन्हा पुढे.

त्या डब्याकडे वळल्या. जिथे पडदा होता तिथे आता चिकटपट्टी होती. "आता हा राम राम नाई करत?"

मी म्हणाले, "नाही. स्वागतासाठी जागा नव्हती. पाण्यासाठी ठेवली."

त्यांनी पदर नीट केला, माझ्याकडे तोंड करून सरळ उभ्या राहिल्या आणि मोठ्याने, म्हणजे मागे उभ्या असलेल्यांनाही ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाल्या, "जय भीम, बेबीताई."

या विहिरीवर आम्ही उभ्या आयुष्यात किती वेळा समोरासमोर आलो असू. हे शब्द त्यांच्या तोंडून मी प्रथमच ऐकले. मी तयार नव्हते. तरी उत्तर देण्यास विलंब झाला नाही. "राम राम, कौशल्याबाई."

त्या पाण्यामागे चालू लागल्या.

१४ डिसेंबर

समताने पुण्याला राजीनामा कळवला. शेजारच्या दोन विहिरींवरून डब्यासाठी निरोप आले आहेत. अर्जुनरावांनी आपल्या मेहुण्याला सांगितले म्हणे, की यंत्र पक्के आहे, त्यात हातच्याची वेगळी सोय केलेली आहे.

दुपारी ती खिडकीजवळच्या जागेवर बसून म्हणाली, "आत्या, आता नवीन अडचन. दोन मोठ्या संख्या गुणायच्याच कमी पायऱ्यांत. चार तुकड्यांच्या गुणाकारांऐवजी तीनच करून भागवता येईन का? मले काही सुचून नाई राह्यलं."

तिने हे विचारले तेव्हा तिच्या समोरच्या पडद्यावर एक आकृती उघडी होती. चष्मा लावला नसतानाही मला तीत तीनच गुणाकार दिसले. तिने ती हळूच मिटवली.

मी कुलदीपचे ते अर्धवट वाक्य आठवले; टेबलाखालचा पाय; भाऊरावाचे जेवणाविषयीचे ते असंबद्ध बोलणे; आणि एवढ्या कुशल मुलीला सिद्धता माझ्याकडूनच का हवी होती हा प्रश्न. चार आधारविधाने. त्यांतून एक निष्कर्ष अपरिहार्यपणे निघतो, आणि तो वैधही आहे, सत्यही.

मी तो काढत नाही.

"कागद आण," मी म्हणाले. "आणि या खेपेला आधी छताजवळची संख्या घेऊ."